निगेची तरतूद : यवतमाळ नगरपरिषदेची वाटचाल

यवतमाळ माळावर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून 1,476 फूट, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. शहरातून मोठी नदी वाहत नाही, खणायला गेले की मुरूम लवकर लागतो आणि होळी झाली की माणसे सावली धरून चालू लागतात. अशा गावात पावसाळ्यात रोप लावायला कोणीही पुढे येतो. त्या रोपाला पहिल्या तीन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार आणि घालणाऱ्या माळ्याची मजुरी कुठून येणार, हा प्रश्न शेवटी नगरपालिकेच्या दारात येऊन थांबतो.

संस्थेची वाटचाल सांगताना आपण अध्यक्षांची नावे, भूमिपूजने आणि कोनशिला मोजतो. त्या मोजायला हव्यातच. मला मात्र ही वाटचाल दुसऱ्या टोकाकडून सांगायची आहे. जे बांधले आणि जे लावले, ते सांभाळायला या संस्थेचा हात कधी किती मोकळा होता? एकशे तीस वर्षांहून जास्त काळाचा हा हिशेब आहे. शहरातल्या शाळेची भिंत, बागेतला पाळणा आणि बाजाराचा ओटा आज ज्या अवस्थेत आहेत, त्याचे कारण याच हिशेबात सापडते.

‘आईन-ए-अकबरी’त ज्या यवत-लोहारा परगण्याचा उल्लेख येतो, त्यातले हे एक गाव. 1853च्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पुढे जिल्ह्याला नाव मिळाले वणीचे आणि मुख्यालय झाले यवतमाळ. जिल्ह्याला यवतमाळचे नाव लागायला 1905 साल उजाडावे लागले. म्हणजे गावाला महत्त्व आले ते कचेरीमुळे. कचेरी आली म्हणून वकील आले, वकिलांमागे दुकाने आली, आणि त्यांच्या वस्तीला रस्ता, दिवा, विहीर, बाजार लागला. आजच्या नगरपालिकेचे वय 1894 पासून मोजले जाते. तेव्हा वऱ्हाडात 1886चा नगरपालिका कायदा लागू होता. 1901च्या जनगणनेत गावाची वस्ती 10,545 भरली. आज एका मोठ्या प्रभागात त्याहून फार कमी माणसे नसतील.

त्या काळातल्या नगरपालिकेकडे मालमत्ता ती काय? कार्यालय, शाळा, बाजाराचे ओटे, विहिरी, धर्मशाळेसारखी एखादी इमारत. बांधकाम दगड-चुन्याचे, वासे आणि तुळया जिल्ह्याच्याच जंगलातल्या सागवानाच्या, वर कवेलू. या कवेलूंकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, कारण निगेचे अर्थशास्त्र त्यांच्याइतके सोपे करून दुसरे कोणी सांगितलेले नाही. कवेलूचे छप्पर दरसाल फेरावे लागते. माकडे नाचतात, मांजरे धावतात, वाऱ्याने कवेलू सरकतात. मृग लागायच्या आत माणूस वर चढवून फुटके काढायचे आणि नवे बसवायचे. आमच्या घरी हे काम रोहिणीत व्हायचे, आणि त्या दिवशी घरभर धूळ असल्याने स्वयंपाक अंगणात व्हायचा. पैसे थोडे लागत, पण दरवर्षी लागत. म्हणून ते घराच्या खर्चात धरलेले असत. नगरपालिकेचेही तसेच होते. छप्परच सांगायचे की यंदा माझ्यावर खर्च कर, आणि न केल्यास पहिल्याच पावसात ते दप्तरावर गळायचे.

पुढे स्लॅब आली. स्लॅब पंधरा-वीस वर्षे काही मागत नाही. या शांततेत संस्थेची सवय मोडते. दुरुस्तीचे लेखाशीर्ष आधी आकसते, मग नावापुरते उरते. मग एका पावसाळ्यात छताला ओल दिसते, पुढच्या वर्षी पोपडे पडतात, त्याच्या पुढच्या वर्षी सळई उघडी पडून गंजते. तोवर खर्च इतका वाढलेला असतो की दुरुस्तीपेक्षा इमारत पाडून नवी बांधणेच व्यवहाराचे ठरते. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिकांच्या शाळा आणि व्यापारी संकुले या वाटेने गेली आहेत. ज्या इमारतीला साठ-सत्तर वर्षे आयुष्य होते, ती पस्तीस-चाळीस वर्षांत धोकादायक ठरते.

पैशाचा विचार करायचा तर आधी कापसाकडे वळावे लागते. तेव्हा यवतमाळपासून सर्वांत जवळचे मोठे रेल्वे स्टेशन होते 29 मैलांवरचे धामणगाव. कापूस बैलगाड्यांनी तिकडे जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी आली, तीच आपली शकुंतला. जिनिंग-प्रेसिंग वाढले, बाजार वाढला, आणि वाढत्या बाजाराबरोबर नगरपालिकेची मिळकत वाढली. गावात येणाऱ्या मालावर जकात, बाजारात बसणाऱ्यावर फी, घरावर पट्टी. जकातीचे नाके शहराच्या तोंडाशी असत. जकात गेली, पण नाका हा शब्द राहिला. आर्णी नाका म्हटले की आजही रिक्षावाला बरोबर ठिकाणी आणून सोडतो.

जकात हा कर चांगला होता असे मी म्हणणार नाही. गाड्यांच्या रांगा लागत, नाक्यावर हात ओले करावे लागत, आणि गरिबाच्या किराण्यावरही तो बसे. पण संस्थेच्या दृष्टीने त्यात एक गुण होता. तो पैसा रोज येई, गावातूनच येई, आणि कशावर खर्च करायचा हे गावातल्याच सभेत ठरे. बाजाराच्या ओट्याची फरशी उखडली तर त्यासाठी मुंबईला प्रस्ताव पाठवावा लागत नसे.

स्वातंत्र्यानंतर 1956 साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि 1960 साली महाराष्ट्रात. मध्यप्रांताच्या 1922च्या कायद्यावर चालणारी विदर्भातली गावे आणि वेगळ्या कायद्यांवर चालणारा उरलेला महाराष्ट्र यांना एका कायद्याखाली आणणे भाग होते. ते काम 1965च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने केले. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, याच जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुलीचे. सार्वजनिक जीवनाची सुरुवात त्यांनी पुसदच्या नगरपालिकेतून केली होती आणि तिचे अध्यक्षपद सांभाळले होते. नगरपालिकेची तिजोरी आतून पाहिलेला माणूस राज्याच्या प्रमुखपदी असताना राज्यभरच्या नगरपालिकांचा हा कायदा झाला. आजही यवतमाळ नगरपरिषद याच कायद्यावर चालते.

या कायद्यातले 49 वे कलम प्रत्येक नागरिकाने एकदा वाचावे. त्यात नगरपरिषदेच्या कर्तव्यांचे दोन भाग केले आहेत. पहिला बंधनकारक कामांचा: दिवाबत्ती, झाडलोट, गटारे, रस्ते, बाजार, आग विझवणे, जन्ममृत्यूच्या नोंदी. दुसरा भाग ऐच्छिक कामांचा. सार्वजनिक उद्याने, बागा, वाचनालये, सभागृहे, धर्मशाळा, रस्त्याकडेची झाडे ही सगळी या दुसऱ्या भागात येतात. अंदाजपत्रक मांडताना पैसा आधी पहिल्या भागाला जातो, हे स्वाभाविक आहे. तो तिथेच संपला तर बागेच्या वाट्याला काय उरणार? बागेचे फाटक का मोडले, याचे मूळ अनेकदा कोणा कर्मचाऱ्याच्या आळसाआधी या विभागणीत असते.

1992च्या 74व्या घटनादुरुस्तीने ही बाजू थोडी सावरायला हवी होती. घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात 18 विषय आले, आणि त्यातला बारावा विषय उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हाच आहे. बागेला घटनेत जागा मिळाली. बागेसाठी पैसा मात्र त्या अनुसूचीने दिला नाही. विषय खाली उतरले, कराचे अधिकार त्या प्रमाणात उतरले नाहीत.

आणि मग 1999 साली नगरपरिषद क्षेत्रांतली जकात बंद झाली. या वाटचालीतले सर्वांत मोठे वळण मी इथे मानतो. जकातीच्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान मिळू लागले. बहुतेक नगरपरिषदांत ते कर्मचाऱ्यांच्या पगारात आणि निवृत्तिवेतनातच संपते. स्वतःची म्हणावी अशी मिळकत उरली घरपट्टीची, गाळ्यांच्या भाड्याची आणि काही फींची. बाकी सगळा पैसा योजनेचे नाव घेऊन येऊ लागला. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलितवस्ती सुधारणा, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार-खासदार निधी, वित्त आयोगाचे अनुदान, अमृत. यादी लांब आहे, आणि या निधींमुळे शहरात पुष्कळ कामे झाली आहेत हे मान्य केलेच पाहिजे.

पण योजनेच्या पैशाची भाषा ठरलेली आहे: नवीन काम, त्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, काम पूर्ण झाल्याचा दाखला. या भाषेत ‘रोज’ हा शब्द बसत नाही. माळ्याची रोजची मजुरी, चौकीदाराचा रात्रीचा पहारा, बोअरच्या मोटारीचे वीजबिल, पाळण्याच्या साखळीला तेल, छतावरची पानगळ पावसाआधी झाडून पन्हाळी मोकळ्या करणे, यांना कोणतीही योजना सहजी पैसा देत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचे उदाहरण घ्या. 2021 ते 2026 या काळात यवतमाळसारख्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले, आणि उरलेल्या 40 टक्क्यांतून आस्थापनेचे पगार देता येत नाहीत. मग कायम माळ्याचा पगार कशातून? घरपट्टीतून. आणि घरपट्टी थकली की सर्वांत आधी काय थांबते? माळ्याची जागा. तो निवृत्त होतो आणि ती जागा भरली जात नाही.

अमृत योजनेत यवतमाळचा समावेश झाला, ही शहरासाठी मोठी गोष्ट होती. 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत हरित क्षेत्रे आणि उद्यानांसाठी वेगळा वाटा होता, पण त्याला आराखड्याच्या 2.5 टक्क्यांची मर्यादा होती. योजनेच्या सुधारणांच्या यादीत शहराने दरवर्षी किमान एक बालउद्यान उभारावे असे म्हटले होते, आणि लगेच पुढे उद्याने व क्रीडांगणे सांभाळण्यासाठी लोकसहभागाची व्यवस्था बसवावी असेही. पहिली अपेक्षा फोटोत दिसते. दुसरी दिसत नाही, आणि माझ्या मते पहिलीचे सगळे यश दुसरीवर अवलंबून आहे. दरवर्षी एक बाग वाढते याचा अर्थ दरवर्षी एका माळ्याचा, एका बोअरचा आणि एका चौकीदाराचा खर्च कायमचा वाढतो. दहा वर्षांनी दहा बागा, आणि माळी पूर्वीइतकेच किंवा त्याहून कमी.

हा खर्च किती धरावा, याचे ठोकताळे जगात आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1990 साली सार्वजनिक इमारतींबद्दल एक अहवाल दिला. त्यात सांगितले की इमारत आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल, त्याच्या 2 ते 4 टक्के रक्कम दरवर्षी देखभाल-दुरुस्तीला लागते. आपल्याकडे मजुरी स्वस्त, हवा वेगळी, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होईल. तरी हिशेब करून पाहू. आज 5 कोटी रुपयांत उभे राहणारे सभागृह घेतले, तर दरवर्षी 10 ते 20 लाख रुपये त्याच्या निगेसाठी बाजूला पडायला हवेत. एकाच इमारतीसाठी. एखाद्या सभागृहाच्या उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावरून हा आकडा कोणी सांगितलेला मी ऐकलेला नाही. तो पायाभरणीच्या आधी ठरावात लिहिला गेला पाहिजे.

द्विनोंदी लेखापद्धती नगरपरिषदांत आली, तेव्हा मला आशा वाटली होती. या पद्धतीत मालमत्तेचा घसारा मांडावा लागतो. इमारत दरवर्षी किती झिजली, ते ताळेबंदात दिसते. पण घसारा ही लिहायची रक्कम आहे. तेवढा पैसा खरोखर वेगळ्या खात्यात गेला तरच छप्पर वाचते. लेखापालाच्या संगणकात इमारत शिस्तीत झिजते आणि शाळेत पोरांच्या वहीवर पाणी ठिबकते, या दोन गोष्टी आपण जोडलेल्या नाहीत.

यवतमाळच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, हद्दीचा. 2001 साली शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 20 हजार होती. 2011 साली ती 1,16,551 भरली. वाढायच्या ऐवजी थोडी घटली. शहर घटत होते का? मुळीच नाही. ते हद्दीबाहेर वाढत होते. वडगाव, उमरसरा, वाघापूर, लोहारा, पिंपळगाव या बाजूंना लेआउट पडत गेले, नोकरदार आणि खेड्यांतून शिक्षणासाठी आलेली कुटुंबे तिथे घरे बांधत गेली. त्यांची घरपट्टी ग्रामपंचायतीत जमा होई, आणि त्यांचा बाजार, मुलांची शाळा, संध्याकाळचे फिरणे नगरपरिषदेच्या हद्दीत होई. वापर मोठ्या शहराचा आणि कर छोट्या शहराचा, अशी ती वर्षे गेली. 2016च्या निवडणुकीपूर्वी हद्दवाढ झाली आणि ही गावे शहरात आली. अन्याय दूर झाला, पण त्याबरोबर नगरपरिषदेच्या पदरात पडल्या त्या लेआउटमधल्या मोकळ्या जागा.

आपल्या भागात त्यांना सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतात. नियमानुसार मोठ्या लेआउटमध्ये सुमारे दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. कागदावर पाहिले तर यवतमाळसारख्या लेआउटांच्या शहराजवळ बागांची केवढी श्रीमंती आहे! मोठ्या उद्यानाला जमीन संपादन करण्याची गरज नाही. चालत पाच मिनिटांवर प्रत्येक वस्तीला तिची जागा आहे. मला तर या जागा शहराच्या सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण म्हाताऱ्या माणसाला आणि चार वर्षांच्या पोराला जवळची बागच उपयोगाची. पण त्यांची अवस्था वस्तीगणिक वेगळी आहे. कुठे मंदिर आणि त्याभोवती कट्टा, कुठे समाजमंदिर, कुठे व्यायामाची लोखंडी यंत्रे, कुठे नुसते गाजरगवत. जिथे वस्तीतल्या दोन-चार कुटुंबांनी पाण्याची जबाबदारी घेतली, तिथे कडुनिंब आणि करंज उभे आहेत. जिथे फक्त कुंपण झाले आणि पुढे कोणी फिरकले नाही, तिथे कुंपणाची तारही राहिलेली नाही.

यवतमाळात पाण्यावाचून बागेचा विचार करता येत नाही. शहराला पाणी पुरवते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, निळोणा आणि चापडोह या धरणांतून. 2017 साली पाऊस कमी झाला आणि 2018चा उन्हाळा यवतमाळकरांनी ज्या हालात काढला, तो अजून कोणी विसरलेले नाही. नळ कित्येक दिवसांनी येई, टँकरमागे माणसे धावत. त्या दिवसांत बागेला पाणी घाला असे म्हणायला कोणाची जीभ वळली नसती, आणि वळू नयेच. पण त्या उन्हाळ्याने जो धडा दिला, तो बागांच्या आराखड्यात उतरला पाहिजे. पिण्याच्या पाण्यावर जगणारी हिरवळ या माळावर लावू नये. आपल्याला लॉनचे वेड लागले आहे. लॉन फोटोत छान दिसते आणि दर दिवसाआड पाणी मागते. त्याऐवजी कडुनिंब, करंज, बहावा, चिंच, आपटा, पळस ही इथली झाडे लावली, पहिली तीन वर्षे सांभाळली, इमारतींच्या छतांचे पाणी बागेतल्या बोअरजवळ जिरवले आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते झाडांना दिले, तर निगेचा खर्च निम्म्यावर नाही तरी पुष्कळ खाली येईल. निगेचे नियोजन झाड निवडण्यापासूनच सुरू होते.

जिल्ह्यातल्या इतर शहरांची गत वेगळी नाही, साधने मात्र आणखी तोकडी. पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, घाटंजी, पांढरकवडा, नेर या नगरपरिषदा, आणि राळेगाव, कळंब, बाभुळगाव, मारेगाव, झरी जामणी, महागाव यांसारख्या ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झालेल्या गावांचा कारभार मोजक्या अभियंत्यांवर चालतो. एकाच माणसाने रस्ता, गटार, घरकुल आणि निविदा पाहायच्या आणि शिवाय शाळेचे छत तपासायचे, ही अपेक्षा माणसाकडून करता येत नाही. जिल्ह्यासाठी मिळून इमारत-तपासणीचे एक फिरते पथक असावे, त्याचा खर्च या सगळ्या संस्थांनी वाटून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. महानगरपालिकांच्या कायद्यांत 30 वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक परीक्षणाची तरतूद आहे. आपल्या शाळांना, दवाखान्यांना, बाजारांना तीच शिस्त लावायला काय हरकत आहे?

2016च्या अखेरीस निवडून आलेल्या मंडळाची मुदत पाच वर्षांनी संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे शहरावर प्रशासक होते. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांचे हेच झाले. प्रशासक काम करतो, सह्या करतो, निधी आणतो. पण अंदाजपत्रकावरच्या चर्चेत उभे राहून ‘आमच्या प्रभागातल्या शाळेच्या संडासाला दार नाही’ असे म्हणणारा नगरसेवक सभेत नसतो. निगा ही बारीकसारीक तक्रारींवर जगणारी गोष्ट आहे. तक्रार करणारा तोंड उघडून बोलला तरच तिच्याकडे पैसा वळतो. डिसेंबर 2025 मध्ये राज्यभर निवडणुका झाल्या, सभागृहे पुन्हा भरली. ही वाटचाल आता या नव्या मंडळाच्या हाती आहे.

त्यांच्यासमोर जपानचे एक उदाहरण ठेवावेसे वाटते. 2 डिसेंबर 2012 रोजी तिथल्या सासागो बोगद्याचे छत कोसळले आणि नऊ माणसे गेली. बोगदा जुना होता, तपासणी पुरेशी झाली नव्हती. त्यानंतर 2014 साली तिथल्या सरकारने देशातल्या सगळ्या स्थानिक संस्थांना सांगितले की आपल्या प्रत्येक सार्वजनिक इमारतीची, पुलाची, शाळेची यादी करा, वय लिहा, पुढच्या काही दशकांत तिच्यावर किती खर्च येईल ते मांडा, आणि कोणती ठेवायची, कोणती एकत्र करायची, कोणती बंद करायची ते ठरवा. तीन वर्षांत जवळपास सगळ्या नगरपालिकांनी असे आराखडे केले, अगदी खेड्यांएवढ्या छोट्यांनीही. श्रीमंत देशाची गोष्ट म्हणून ती बाजूला सारू नये. यादी करायला पैसा लागत नाही, वही लागते आणि आठवडाभर फिरायची तयारी लागते.

यवतमाळची अशी यादी झाली तर मला वाटते काही निर्णय आपोआप सुचतील. गाळ्यांचे आणि सभागृहाचे भाडे सध्या सामान्य निधीत मिसळते. त्यातला ठरावीक वाटा त्याच इमारतीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवता येईल, आणि भाडे जुन्या दरावर वर्षानुवर्षे अडकलेले असेल तर 1983च्या स्थावर मालमत्ता हस्तांतरण नियमांनुसार ते नव्याने ठरवता येईल. लग्नासाठी सभागृह घेणाऱ्याकडून पुरते भाडे घ्यावे. वस्तीतल्या बालउद्यानाला मात्र तिकीट लावू नये. दोन रुपयांच्या तिकिटाने बागेचा खर्च निघत नाही आणि ज्या पोराच्या खिशात दोन रुपये नसतात, ते पोर बाहेर राहते. बागा दत्तक देताना संस्थेची पाटी खुशाल लावावी, पण करारात माळी कोण, पाणी कुठले, फाटक किती वाजता उघडणार आणि करार मोडला तर काय, या चार ओळी असाव्यात. आणि कोणत्याही नव्या बांधकामाचा ठराव येईल तेव्हा त्याच ठरावात पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून भागणार हे लिहिलेले असावे. तसे नसेल तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवावा. ही अट कठोर वाटेल, पण एका पंचवार्षिक कालावधीत तिची सवय होईल.

यात नागरिकांचाही वाटा आहे, आणि तो मी टाळून पुढे जाणार नाही. माळ्याचा पगार घरपट्टीतून होतो. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, मग शास्ती माफ करणारी अभय योजना येईल म्हणून आपण वाट पाहतो. वाट पाहणाऱ्यांत मोठ्या बंगल्यांचे आणि दुकानांचे मालक असतात, आणि वेळेवर भरणाऱ्यांत दोन खोल्यांचे घर असलेली निवृत्त शिक्षिकाही असते. शहराच्या बागा तिच्यासारख्यांच्या पैशावर हिरव्या आहेत.

नगरपरिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडले जाते. वाचकांना माझी विनंती आहे की या वर्षी त्याची प्रत मिळवा. नव्या कामांची पाने तेवढी बाजूला ठेवा. ‘इमारत दुरुस्ती’ आणि ‘उद्यान देखभाल’ या दोन ओळी शोधा, त्यांच्यासमोरचा मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च पाहा, आणि आपल्या प्रभागातली शाळा आणि ओपन स्पेस त्या रकमेत बसते का, हे आपल्या नगरसेवकाला सभेच्या आधी विचारा.